कानसेन आणि माझ्या वडिलांचा नकाशा

पाणीपुरवठा खात्यात आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. छातीएवढी लोखंडी सळई रस्त्यावर उभी करायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्याचं काम. शाळा त्याने अर्ध्यात सोडलेली. सही करताना जीभ बाहेर यायची. तरी रस्ता खणायचा म्हटलं की सगळं खातं त्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि माझ्या पोटात दुखायचं.

कबूल करायला लाज कसली? मला त्याचा हेवा वाटायचा. कानांचा नव्हे, कान काय गाढवालाही असतात. गावातल्या जुन्या पाइपांचे नकाशे माझ्या वडिलांनी काढलेले. ते ज्या कपाटांत आहेत त्यांची किल्ली माझ्याकडे. पण वडील मोजणीला निघाले की बरोबर न्यायचे कानसेनला. मी पोटचा मुलगा, त्याच्याच वयाचा, त्याच खात्यात; मला म्हणायचे, तुझं अक्षर चांगलं आहे, तू आत बस. अकरा वर्षं ते दोघं उन्हातून फिरले, एका डब्यातून जेवले. संध्याकाळी वडील घरी यायचे ते दमून, गप्प. सगळं बोलणं तिकडेच संपवून यायचे.

वडील गेले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दवाखान्याकडे जाणारी लाइन गळायला लागली. तिथल्या नळांना करंगळीएवढी धार, आणि रस्त्यावर ओल कुठेच दिसेना. मी नकाशा घेऊन गेलो. त्यात लाइन रस्त्याच्या मधोमध होती. कानसेनने मधोमध सळई टेकवली आणि मान हलवली. मग शाळेच्या भिंतीकडेला टेकवून म्हणाला, इथं आहे. भिंतीच्या पायथ्याला शेवाळ होतं, तेही भर उन्हाळ्यात.

साहेब नवीन होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघू मीही ऐकून. जन्मात पहिल्यांदा सळईला कान लावला. मधोमध काहीच नव्हतं. भिंतीपाशी मात्र सूंऽऽ असा एकसारखा आवाज, बहिऱ्यालाही कळेल इतका स्पष्ट.

"मला काही ऐकू येत नाही," मी साहेबांना सांगितलं. "आणि नकाशावर सही आहे."

साहेबांनाही कागदच हवा होता. उद्या चौकशी झाली तर शेवाळ काही फायलीला लावता येत नाही.

दोन दिवस मधोमध खणलं. आधी कोरडी माती लागली, मग अखंड खडक. दवाखान्यात टँकर आला. जिन्यावरून बादल्या वाहणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी नकाशाकडे. घरी बायको म्हणाली, हातच्या कांकणाला आरसा कशाला, खडकातून कुणी पाइप नेतं का? मी तिच्यावरच डाफरलो. नकाशा खोटा ठरला असता तर माझ्याकडे वडिलांचं उरलं काय असतं?

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला न विचारता भिंतीपाशी खणायला लावलं. कमरेएवढ्या खड्ड्यात लाइन सापडली. नकाशा चुकलाय का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी खाली मान घालून कानसेन काय बोलतो याची वाट बघत होतो. तो म्हणाला, नकाशा बरोबर असणार, लाइन नंतर कुणी हलवली असेल. साहेबांनी तशीच नोंद करायला सांगितली आणि मी ती केली.

तो हातपाय धूत होता तिथे मी त्याला गाठलं. नंतर कोणी हलवली, याचा एकही कागद नाही, म्हटलं.

"नाहीच मिळणार. टाकतानाच वळवली, तुमच्या वडिलांनी. खडक लागला ना. नकाशा आधीच काढून झाला होता. उद्या दुरुस्त करतो म्हणाले, राहून गेलं."

"तुला ठाऊक होतं, मग सळई कशाला टेकवलीस?"

"चारचौघांत त्यांची चूक काढू? सळईचं नाव पुढे केलं." त्याने पाय झटकले. "मुलाला कळू देऊ नको म्हणाले होते. म्हणाले, त्याला वाटतं मी चुकत नाही."

वडिलांचे दिवस याला मिळाले होते, गप्पा मिळाल्या होत्या, आणि त्यांची चूकही यानेच जपली होती. आणि मी, त्यांचा मुलगा, कानात आवाज घुमत असताना साहेबांशी खोटं बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना माझ्या खोट्यासकट सगळं सांगितलं. कानसेन चिडला. पण नकाशा सुधारायचा तर वळण कुठून सुरू होतं ते मोजायला हवं होतं, आणि ते त्यालाच माहीत. म्हणून आम्ही दोघं मोजणीची फीत घेऊन उन्हात उभे राहिलो. मी फितीचं माझ्याकडचं टोक जमिनीवर दाबलं. तो लांबूनच म्हणाला, तशी नाही, आणि चालत माझ्याकडे आला. खाली बसून त्याने माझा अंगठा उचलला आणि फितीच्या टोकाच्या कडीवर आडवा ठेवला.

"ते अशी धरायचे," तो म्हणाला.