शेजारणीचे बोंबील

आमची शेजारीण कोळीण बोलते कमी, भांडते जास्त. दारात गाडी लावणाऱ्या पर्यटकाशी भांडते, टोपलीवर बसणाऱ्या कावळ्याशीसुद्धा.

रक्ताच्या आजारासाठी भावाचा बोन मॅरो शरीरात घालून घेऊन मी मुंबईच्या हॉस्पिटलातून काशीदला परतले, तेव्हा कुंपणाबाहेरूनच ती ओरडली, "काय केलं गो डॉक्टरानं?"

मी सांगितलं, भावाच्या पेशी माझ्या शरीराशी भांडू नयेत, म्हणून त्याच्याच रक्तातल्या, भांडण शमवणाऱ्या पेशी आधी सोडल्या. नवीनच उपचार, पण मला मानवला.

"म्हंजे आदी समजूतदार मानसं धाडली, व्हय? बरं केलं. माज्यासारखी धाडली असती तर मेलीच असतीस!"

तेव्हा कुठल्याही उग्र वासानं मला उलट्या व्हायच्या. तिला हे कुणी सांगितलं कोण जाणे. पण त्या हंगामात आमच्या सामाईक अंगणात तिचे बोंबील वाळायला आलेच नाहीत. भरली टोपली डोक्यावर घेऊन ती भर उन्हात किनाऱ्याच्या पार टोकाला जायची. का म्हणून विचारणाऱ्याशी भांडायची.

काल सकाळी खिडकीसमोर बांबू रोवल्याचा आवाज आला.

"जेवन जातं ना गो बाय आता? मग घे वास!"

थोड्या वेळानं बोंबलांचा वास घरभर झाला. मी खिडकी सताड उघडली.