बर्फाच्या तोंडाशी बटाटे

सगळ्या भिंगारात बर्फाचा समुद्र बघितलेली मानसं दोनच, आन त्यातला एक मी. बघितला म्हंजी बोटीच्या भटारखान्याच्या खिडकीच्या गोल भोकातनं, ताटलीएवढ्या, आन ती काचबी वाफंनं धुरकाटलेली.

दुसरा माझा मामा. लढाई संपली, साहेब लोक भिंगारच्या छावनीतनं निघाले, तवा एका साहेबानं मामाच्या हातच्या रश्श्याच्या सवयीपायी त्याला विलायतेला नेलं आन आगबोटीवर खानसामा म्हनून लावून दिलं. मामानं मागनं मला बोलावलं, बटाटे सोलायला. मला वाचता येत न्हवतं, पर बटाट्यावर काय लिवलेलं आसतं?

ती बोट मालाची न्हवती. पैशेवाली मानसं हौसंनं बर्फ बघाया जायची, पार उत्तरंला, जितं उन्हाळ्यात दिवस मावळतच न्हाई. आमी किरिस्ताव. मामाचा संध्याकाळच्या प्रार्थनेचा नेम, आन तितं संध्याकाळच हुईना.

कुठल्या बंदराला कवा लागायचं ते आधीच ठरलेलं. पयल्या बंदरात भाजीपाला घ्यायचा हुता. गेलो तर बंदराचं तोंड बर्फानं बुजलेलं. पल्याड घरांची छपरं दिसत हुती, पर जाता येईना. दुसऱ्या बंदराला वारं नांगर टिकू देईना. मग वारं पडलं आन धुकं आलं. त्यापरीस वारं बरं हुतं. वर गानं-बजावनं बंद झालं. कप्तानाचं ताट भरल्यालं तसंच माघारी याया लागलं. बर्फ बोटीला घासायचा, जात्यात खडा आल्यावानी.

कप्तानानं मामाला इचारलं, शिधा पुरंल का? पुरत आसंल तर हितंच थांबून बर्फ फुटायची वाट बघू. न्हाई तर धुक्यातनं माघारी फिरावं लागंल, आन ती वाट बर्फ मिटवीत चालला हुता.

मामा म्हनला, "बटाटे लई हायती. निभंल."

बटाटे माझ्या ताब्यात हुते. कोठी बॉयलरच्या शेजारी, उष्म्यानं बटाट्याला कोंब फुटाया लागलेले. भिंगारात उन्हाळ्यात मामी भाजीवर वलं तरट टाकायची, वारं लागलं की आत गारवा. मला हुशारी सुचली. वारं हुतं त्याच दिवशी पोती वरच्या डेकवर नेली, वरनं तरटं टाकली, बादल्यांनी पानी मारलं, आन सोतावर खूश हुऊन झोपलो.

आता मामानं पोतं उघडलं. बटाट्यावर बटाटा आपटला तर खडी फोडल्यावानी वाजला. चुलीपाशी ठेवला तर काळं पानी सोडलं. दाबला तर साल हातात आन लगदा बोटातनं खाली. सगळी पोती तशीच.

"तरटं कुनी टाकली?"

"मी."

"वली?"

"चांगली वली, मामा. दोन बादल्या जास्तीच मारल्या."

मला वाटलं आता मार बसतो. मामानं हात उचलला तो डोक्यावरची टोपी काढाया, आन तसाच कप्तानाकडं गेला. मारलं आसतं तर येवढं भ्या वाटलं नसतं.

बोट फिरली. धुक्यात भोंगा वाजायचा, जबाब कुठनंच यायचा न्हाई. शिध्यात मसुराची डाळ आन वाळल्याला पाव उरला हुता. मी प्रार्थना म्हनाया बसलो, पर 'आमची रोजची भाकर आज आमाला दे' म्हनायच्या जागी आलो की जीभ आडायची. सगळ्यांची भाकर मीच वली करून टाकली हुती.

थोडंच अंतर कापलं आसंल, तवा धुकं जरा फाटलं. मी मागल्या अंगाच्या भोकाला डोळा लावला. मागं जितं थांबायचं म्हनत हुते, तितं पानी न्हवतंच. बर्फाचे ढीग एकमेकाच्या उरावर चढलेले. माझ्या जिवात जीव आला, आन जीव आला की माझं तोंड ऱ्हात न्हाई.

"मामा, बटाटे चांगले ऱ्हायले आसते तर आपून त्यात आसतो. माझ्या तरटानं बोट वाचली म्हना की!"

मामानं मला मानगुटीला धरून म्होरल्या अंगाच्या भोकाकडं फिरवलं. म्होरंबी सगळं पांढरंच हुतं.

"वाचली व्हय रं? बंदर दिसतंय का कुठं? मग तोंड मिट आन डाळ निवड."