नदीच्या चित्रावरचा डाग

ती केस आठवली की आजही मला आधी सांडलेला चहा दिसतो.

डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात मी नवी उपनिरीक्षक होते. खांद्यावर दोन स्टार काय लागले, मला वाटायचं, माणूस बघताक्षणी खरा-खोटा कळतो. एका दुपारी चित्रकलेचे निवृत्त मास्तर आले. बगलेत फ्रेम, मागे कंटाळलेला मुलगा.

"काच बदलायला दिलं होतं. हे माझं चित्र नव्हे," मास्तर म्हणाले.

चित्रात नदी, पाण्यात उतरलेल्या गाई, लांब टेकडी. जुन्या विलायती चित्रावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेला तो छाप, असं त्यांनी समजावलं.

"कशावरून तुमचं नाही?"

"यातली नदी वाहत नाही, बाई."

मी ओठ चावून हसू दाबलं. मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांचं हल्ली असंच चाललंय. रविवारी खडवलीच्या वृद्धाश्रमात सोडतोय. बॅगही भरलीय."

मास्तरांनी ते ऐकलं.

आमचे हवालदारकाका म्हणाले, "जबाब तर घेऊ, मॅडम. कागदाला काय जातंय?" फ्रेमवाल्यालाही बोलावून घेतलं. गडी भलता गोड.

"तेच चित्र आहे, मॅडम! टेकडीवरचा हा ओलीचा डाग बघा. मास्तरच सांगतील, डाग जुनाच ना?"

"डाग तोच आहे," मास्तर पुटपुटले.

झालं! मी विजयी मुद्रेने मागे रेलले आणि माझ्याच कोपराने चहाचा ग्लास जबाबावर आडवा केला.

हवालदारकाकांनी कागद उचलून उलटा धरला. "पुन्हा लिहा आता. पार मागपर्यंत उतरलाय."

मी त्या कागदाकडे बघतच राहिले. मग फ्रेमवाल्याला म्हटलं, "मागचा पुठ्ठा काढ."

"कशाला मॅडम, फाटेल..."

"काढ म्हणते ना!"

पुठ्ठा निघाला. समोर तपकिरी डाग, मागे कागद पांढराशुभ्र. डागासकट छापून आणलेली नक्कल!

"आता बोल. खरं कुठंय?"

पाचव्या मिनिटाला तो बोलला. दोन पंच घेऊन दुकानावर गेलो. देवाच्या तसबिरीमागे मूळ चित्र होतं. बाळकुमहून एक गिऱ्हाईक चांगली किंमत मोजून ते दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होतं. मी चित्र उलटं केलं. डाग आरपार! पंचनाम्यात ते वाक्य मी एवढ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, की काका म्हणाले, "मॅडम, कागद फाटेल."

पुढे कोर्टाच्या हुकमाने मुद्देमाल मास्तरांच्या ताब्यात द्यायचा होता. मुलगा मान खाली घालून उभा होता. मास्तर चित्राकडे बघत त्याला म्हणाले, "ती बॅग अजून भरलेलीच आहे. घरी गेल्यावर आधी रिकामी कर. सदरे चुरगळले असतील."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. चहाचं मी त्यांना सांगितलं नाही, आज सांगतेय. म्हाताऱ्याला वेडं ठरवायला मला दोन मिनिटं पुरली होती. तो शहाणा आहे हे कळायला माझाच वेंधळेपणा कामी आला. पुढची सगळी नोकरी मी तक्रारदाराचं आधी ऐकून घेतलं.

आणि समोरचा फारच खात्रीने बोलायला लागला, की मी चहा मागवायचे.