नवसाच्या गाठीत अडकलेला प्याला

हसायचं तर खुशाल हसा, फक्त चहा सांडू नका. भर उपासनेत प्रभूचा प्याला अडवून धरणारी बाई कुणी पाहिलीय? नसेल, तर ही बघा, तुमच्यासमोर बसलीय!

भवानीनगरचा साखर कारखाना तेव्हा नवा नवा होता. आमचे हे तिथं फिटर. ख्रिस्ती घरं मोजून चार. उपासना शाळेच्या खोलीत व्हायची आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, द्यायला पाळकसाहेब बारामतीहून तीन महिन्यांतून एकदा यायचे. रविवारी पाच पोरांना शास्त्र शिकवायचं काम माझं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, प्रभुभोजन पहिल्यांदाच घेणार होती.

माझा आवडता धडा कुठला? 'देवानं सांगितलेली भक्ती वेगळी, आणि माणसानं आपल्या मनानं रचलेली वेगळी.' काय ठासून सांगायची मी! आणि घरी? एक नवस फिटला की दुसरा तयार. माहेरची खोड, जाते होय!

माझ्या पाच पोरांतला दानिएल हुतुतूपायी वर्ग बुडवायचा. मला घोर लागला. हा पोरगा प्रभुभोजनाला, प्रभूच्या मेजाशी, येतो की नाही? मग काय, बोलले नवस: पाचही पोरं प्याला घेईपर्यंत मी गोडाला शिवणार नाही!

साखरेच्या गावात राहून बिनसाखरेचा चहा! शेजारणी म्हणायच्या, "अवो, कारखाना बंद पडंल की तुमच्यामुळं!" पोरांनाही कळलं. मला वाटलं, बरंच झालं, पोरांना चार चांगल्या गोष्टी दिसतायत.

तो रविवार उजाडला. दानिएलसुद्धा तेल लावून, भांग पाडून हजर! प्याल्यासाठी द्राक्षारसाऐवजी मनुकांचा रस आदल्या दिवशी मीच उकळला होता, सढळ हातानं साखर घालून.

आम्ही ओळीनं गुडघे टेकले. पहिली मी, मग पोरं. भाकर वाटून झाली. पाळकसाहेबांनी प्याला माझ्यापुढं धरला, आणि तो वास आला.

अगं बाई! गोड!

"आधी पोरांना द्या," मी कुजबुजले. त्यांनी घेतला की नवस फिटला, मग मी मोकळी. आहे की नाही हुशारी?

प्याला शेजारच्या मार्थापुढं गेला. ती मान हलवून म्हणाली, "मावशी घेत्याल, तवाच आमी."

"काय झालं गं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आमी बी गोड सोडलंय, मावशीसंगं."

"म्या तर काकवीबी सोडलीया!" दानिएल पलीकडून म्हणाला. कधी नव्हे तो आज्ञाधारक झाला होता!

पोरं घेईपर्यंत मी घेणार नाही, मी घेईपर्यंत पोरं घेणार नाहीत. प्याला एकदा इकडं, एकदा तिकडं. शेवटी पाळकसाहेब माझ्यापुढं येऊन थांबले.

"बाई, हा नवस करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही... मीच."

"आणि हा प्याला घ्यायला कुणी सांगितलं?"

रोज ज्या खोलीत पोरं पाढे म्हणायची, तिथं त्या क्षणी साक्षात प्रभू उभा आहे, हात पुढं करून 'घे' म्हणतोय, आणि मी त्याला 'थांब, माझा नियम आहे' म्हणतेय, असं वाटून अंगावर सर्रकन काटा आला. डोळे मिटून मी घोट घेतला.

तीन महिन्यांनी जिभेला गोड लागलं. डोळ्यांतनं धारा!

मग मार्था, शांतवन, सगळी. दानिएलनं दोन्ही हातांनी प्याला धरला, आणि त्या दांडगट पोराचे ओठ कापताना मी पाहिले. आजही ते आठवलं की माझा आवाज खाली येतो.

उपासनेनंतर चहा आला. मी अजून त्याच भरात होते. "पोरांनो," मी म्हणाले, "पाचही जण मेजाशी आलात! देवाचे आभार म्हणून मी आता दर शुक्रवारी..."

पाची पोरं एका सुरात ओरडली, "कुणी सांगितलं?"

माझ्या वर्गातला एवढा एकच धडा पोरांना कायमचा पाठ झाला. आणि तोही माझ्या शिकवण्यानं नव्हे!