ठोक्याचा कीबोर्ड

टायपिंगबाईंनी उभं आयुष्य एकच वाक्य शिकवलं: "खाली बघायचं नाही." त्यांच्या क्लासात मशीनच्या बटणांवर पुठ्ठ्याचं झाकण असे, आणि त्याखाली डोकावणाऱ्याकडे बाई कॉपी करताना सापडलेल्याकडे बघावं तशा बघत. न बघता काम करणारे कित्येक कारकून त्यांनी घडवले. कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्यांना पुढे त्याचा अनुभव आलाच. क्लास बंद पडला तेव्हा मशीनं एका हॉटेलवाल्यानं शोभेला म्हणून नेली. बाई तिथे एकदाच गेल्या. एका मशीनवर फुलदाणी ठेवलेली दिसली, तशी अर्धी कॉफी टाकून उठल्या.

पालथा घडा निघाला तो घरातलाच. धाकटा भाऊ दोन बोटांनी, डोळे फाडून, खिळे ठोकावेत तसा टाइप करी. म्हणून बाईंनी त्याचं नाव ठोक्या ठेवलं, आणि केस पांढरे झाले तरी ते सुटलं नाही. शाळेत असताना त्याच्या हट्टापायी वडिलांनी टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणला होता. कीबोर्ड हाच त्याचा सगळा देह. त्यावर ठोक्यानं स्वतः एक खेळ लिहिला: चांदण्या चुकवत जाणारी होडी. गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटवर तो साठवून ठेवला. पुढे नोकरी लागली आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

आता ठोक्याची नजर कडेकडेनं विझत चालली होती. गेलेली परत येणार नाही आणि राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर चपला काढता काढता ठोक्या म्हणाला, "ताई, ती होडी एकदा बघायचीय गं."

खोका खाली आला. टीव्हीवर कर्सर लुकलुकला. पण निम्मी बटणं दाबली की खालीच बसत.

"चहा सांडलास ना तेव्हा!" बाई म्हणाल्या.

"चहा माझा, धक्का तुझा."

"बरं, मी करते साफ."

"आधी फोटो काढून ठेव. कुठलं बटण कुठे ते कळेल."

"हातच्या कांकणाला आरसा? तू मला कीबोर्ड शिकवणार?"

दोन वाकवलेल्या तारांनी बाईंनी एकेक बटण उपटलं. खालून स्प्रिंगा, केस, बिस्किटाचा चुरा आणि कुणाचं तरी कुरतडलेलं नख निघालं. बटणं साबणाच्या कोमट पाण्यात पडली, जुन्या दातब्रशनं घासली गेली, टॉवेलवर वाळत बसली. खालची चिकट जागा बाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवून पुसली. सगळं लख्ख झालं.

मग पहिलं बटण हातात घेतलं, आणि बाई तशाच थांबल्या. ते कुठे बसतं हे त्यांना माहीत नव्हतं. जन्मात खाली बघितलं असेल तर ना!

त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावरच टाइप केल्यासारखी बोटं चालवली. ज्या अक्षराला बोट जिथे जाई, तिथे ते बटण. असं करत सगळी अक्षरं जागेवर बसली. पण या यंत्राला बाण होते, रंगीत बटणं होती, कसल्याकसल्या खुणा होत्या. टाइपरायटरला त्यांचा पत्ता नव्हता, म्हणून बोटांनाही नव्हता. आणि एक जरी चुकीच्या जागी गेलं तर डोळ्यांनी शोधत टाइप करणारा ठोक्या आहे ती नजर तिथेच शिणवणार.

"ठोक्या," त्या म्हणाल्या, "फोटो काढायला हवा होता."

"काय? परत बोल. डोळ्यांमागून कानही चाललेत बहुतेक."

"मेल्या, ये इकडे!"

ठोक्या आला. ऐटीत खुर्चीवर बसला आणि त्यानंही डोळे मिटले. "वर उजव्या कोपऱ्यात पुसायचं. त्याखाली लाल. खालच्या ओळीत शेवटी दोन बाण, आडवा उजवीकडे. हां, आणि ते चौकोनवालं डावीकडे, एकटंच."

खाली बघितल्याचा इतका सविस्तर कबुलीजबाब बाईंनी आजवर ऐकला नव्हता. त्या निमूटपणे बटणं बसवत गेल्या.

टेपमध्ये खेळाची कॅसेट किंचाळली आणि पडद्यावर होडी आली. ठोक्यानं पडद्याला नाक लावलं. होडीमागोमाग ते सरकत राहिलं.

"दिसली का रे?" बाईंनी शेवटी विचारलं.

"दिसली. अगदीच भिकार आहे. चांदणीला आपटली तरी आरपार जाते. बुडायला नको?"

"मग बुडव."

त्यानं खेळासाठी लिहिलेल्या सगळ्या आज्ञा ओळीनं पडद्यावर मागवल्या. पण पडद्यावरून बटणांवर आणि बटणांवरून पडद्यावर येईतो ओळ हरवे. तिसऱ्यांदा हरवली तेव्हा बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"तू नुसता बघ. आणि बोल."

"गो टू चाळीस."

"म्हणजे?"

"चाळीस नंबरच्या ओळीकडे जा."

"मी?"

"तू नाही गं, होडी!" ठोक्या हसला. मग पुढची ओळ शोधत म्हणाला, "हळू सांगू का तुला?"

"मला कशाला हळू?" बाईंची बोटं वाट बघत होती. "तुला दिसेल तितक्या भरभर सांग."