बोडक्याचं सुतक

आमची येलदरीची मामी पुस्तकातल्या जनावरांच्या जेवणाची काळजी करायची. एक प्रकरण वाचून मी दम घ्यायला थांबले की तिचा प्रश्न ठरलेला, "मग? जेवले का न्हाई ते?" पुस्तकात तसं काही लिहिलेलं नसायचं. मी म्हणायचे, "जेवले असतील." त्यावर ती म्हणायची, "असतील म्हनू नको. नीट बघून सांग."

पुस्तक मला शाळेत बक्षीस मिळालेलं, परदेशातल्या एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीचं मराठी रूप. जंगलाला वणवा लागतो आणि साळिंदरांचा एक कळप सात डोंगरांपलीकडचं, कधीच आग न लागणारं रान शोधायला निघतो. ही साळिंदरं बोलतात, भांडतात, वाटेत एका म्हाताऱ्या घुबडाला आपली स्वप्नं विकतात. त्यांचा म्होरक्या बोडक्या. वणव्यात त्याचे सगळे काटे जळालेले, म्हणून हे नाव. बारावीची परीक्षा देऊन मी सेलूहून मामांकडे सुटीला गेले, तेव्हा ते पुस्तक माझ्या पिशवीत होतं.

मामी शाळेत गेली नव्हती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दर साली दिवाळी झाली की बिऱ्हाड हलायचं, आणि बिऱ्हाडाबरोबर तीही. त्यामुळे साळिंदरांची ती पायपीट तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "आमी बी असंच जायचो की. म्होरं कुत्रं, मागं म्हाताऱ्या. पिलं कुठं निजवली त्येनी?" मी साळिंदर असं वाचलं की ती 'सायाळ' म्हणून दुरुस्त करायची. वास्तविक सायाळींनी तिच्या भुईमुगाची दरवर्षी नासाडी केलेली. पण बोडक्याची गोष्ट सुरू झाल्यापासून शेतात उकरलेलं दिसलं तरी ती म्हणू लागली, "जाऊ द्या, लय लांबून आली असंल." मामा कपाळावर हात मारून घ्यायचे.

मी मात्र कंटाळले होते. मोबाइलला रेंज फक्त धरणाच्या भिंतीपाशी यायची, आणि माझी तिकडे जायची वेळ झाली की मामी नेमकी भुईमुगाच्या शेंगा सुपात घेऊन फोडायला समोर येऊन बसायची. मैत्रिणींचे मेसेज तिकडे साचलेले. एके दिवशी साळिंदरं पुराच्या नदीत उतरली, अजून नव्वद पानं शिल्लक होती, आणि मी पुस्तक मिटलं.

"बोडक्या वाहून गेला. बाकीची पोचली. संपलं."

शेंगा फोडणारे तिचे हात थांबले. "सापडला न्हाई?"

"नाही."

मामीनं सूप बाजूला ठेवलं. उठली, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून दोन तांबे पाणी ओतून घेतलं. नात्यातलं माणूस गेल्याचं कळल्यावर घेतात, तसं. बाहेर आली तेव्हा केस ओले होते आणि डोळे लाल. म्हणाली, "जा आता तू. उजेड हाय तवर ये." मी गेले. धरणाच्या भिंतीपाशी बसून मैत्रिणींना हाच किस्सा सांगितला आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

लाज वाटायला एवढं पुरे होतं, पण मी तेवढ्यावर थांबले नाही. सेलूला येऊन घरभर सांगितलं. लग्नकार्यात मामी दिसली की कुणीतरी विचारायचंच, "काय वहिनी, सायाळीचं सुतक फिटलं का?" ती पदर तोंडाला लावून हसायची. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले आणि वर्गातसुद्धा हा किस्सा रंगवून सांगू लागले. नव्वद पानांचं मात्र कुणालाच बोलले नाही.

पुस्तक मामीनं मागून ठेवून घेतलं होतं. पुढे तिच्या मुलाचं लग्न झालं. सून दहावी शिकलेली. तिनं ते पेटीतून काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सासूला वाचून दाखवलं. त्यानंतर एकदा मी येलदरीला गेले. देवगाव फाट्यावर गाडी बदलली तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामी दारातच म्हणाली, "आगं, बोडक्या जित्ता हाय! लाकडाला धरून पार झाला!"

मी म्हणाले, "मामी, मी खोटं सांगितलं होतं. मला धरणावर जायचं होतं."

"ते कळलं मला," तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "डोक्यावर कावळा बसला असंल त्येच्या. म्हनून तू खोटा सांगावा धाडलास. मी रडले, त्येचं आयुष्य वाढलं. बरं केलंस."

आमच्याकडे ही रीत आहे. कुणाच्या डोक्यावर कावळा बसला की तो मेल्याची खोटी बातमी पाहुण्यांना कळवतात. ते रडले की अरिष्ट टळतं, मग खरं काय ते सांगतात. मामांच्या डोक्यावर कावळा बसला तेव्हा माझ्या आईला असाच फोन आला होता. ती रडून रडून दमल्यावर अर्ध्या तासानं दुसरा आला. माझं खोटं मामीनं या रीतीत बसवून टाकलं. ती चिडली असती तर मला फार सोपं गेलं असतं.

निघताना म्हणाली, "सून चांगलं वाचती, पर सगळं एकाच आवाजात. तू घुबडाचा आवाज काढायचीस. ते ऱ्हायलेलं एकदा तू वाचून दाव."

मी म्हणाले, "दिवाळीत येते." त्या दिवाळीत पेपर तपासायचे होते. पुढच्या दिवाळीत काय होतं, ते आता आठवतही नाही.

गेल्या महिन्यात सकाळी मामांचा फोन आला. "तुझी मामी गेली." मी रडले, आणि रडता रडता फोन हातात धरून बसून राहिले. तिच्या डोक्यावर कावळा बसला असेल, असं मला खरोखरच वाटत होतं. अर्धा तास झाला. तास झाला. दुसरा फोन आला नाही. मग मी उठले आणि डोक्यावरून पाणी घेतलं.