सोळाशेच्या आतलं बक्षीस

धुरी काकांबद्दल मी लिहावं की नाही, हे अजून माझं ठरत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय कुणालाच नाही. शिवाय काकांना हे आवडणार नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं, एवढीच विनंती.

करी रोडला आमच्या मंडळाच्या खोलीत ते संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. फोर्टातल्या एका विमा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. खोलीत एका बाजूला ढोल-ताशे रचलेले, दुसऱ्या बाजूला आमचे पट. त्यांचा एक नियम होता: हरलेल्याने सोंगट्या पुन्हा मांडायच्या आणि मांडताना समोरच्याची एक चांगली चाल सांगायची. शाळेत असताना मी रडकुंडीला येऊन सोंगट्या आपटायचो. काका म्हणायचे, "घोडा नीट ठेव रे. त्याचा काय दोष?"

स्पर्धेला गेलो की ते हॉलबाहेर आम्हाला उभं करून बक्षिसांचे नियम मोठ्याने वाचायचे. रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा. मोठ्यांपुढे लहान अगदीच रिकाम्या हाताने जाऊ नयेत म्हणून सोळाशेच्या आतल्यांना वेगळं बक्षीस, रेटिंगच नसलेल्यांना वेगळं. काही जण मुद्दाम हरून आकडा खाली ठेवतात आणि खालच्या गटातला चषक उचलतात. अशांचा काकांना फार राग. राग आला की ते मालवणीत शिरायचे. "जा आपला नाय, ता हातात घेवचा नाय." आम्ही मागे उभे राहून त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं.

ठाकूरद्वारच्या एका स्पर्धेत मुलांनी हट्ट धरला म्हणून काका स्वतः खेळायला बसले, कितीतरी वर्षांनी. प्रवेश घेताना रेटिंग नाही असं त्यांनी सांगितलं. खेळले मात्र असे, की संध्याकाळी रेटिंग नसलेल्यांत पहिले म्हणून त्यांचंच नाव पुकारलं गेलं. आम्ही शिट्ट्या वाजवल्या. त्यांनी चषक दोन्ही हातांत धरला आणि फोटोसाठी चष्मा काढला. चषक मिळण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

त्या गटात दुसरी आली होती गिरगावातली आर्या, चौथीतली मुलगी. तिची आई हातात फोन घेऊन उभी राहिली. आवाजात भांडण नव्हतं. "सॉरी हं काका, पण यादीत तुमचं नाव दिसतंय. तुम्हाला रेटिंग आहे."

पंचांनी पाहिलं. खरंच होतं. जुनं, पुढे खेळले नाहीत म्हणून 'निष्क्रिय' अशी खूण पडलेलं, पण होतं. खेळणं सुटलं की रेटिंगही रद्द होतं, अशी काकांची समजूत होती. "नोकरी सुटली की ऑफिसचा पास जमा होतो, तसं वाटलं मला," असं ते पंचांना हळूच सांगत होते. पण माईक चालू होता आणि ते सगळ्या हॉलने ऐकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि हे मुलांना शिकवतात." थोडा हशा झाला.

काकांनी चषक आर्याच्या हातात दिला. मग खाली उतरून ते आपल्या टेबलाशी गेले आणि सोंगट्या मांडू लागले. डाव केव्हाच संपले होते, पट गोळा होत होते, आणि ते एकेक प्यादं जागेवर ठेवत होते. जवळ जायला हवं, हे आम्हाला कळत होतं. माझ्या टी-शर्टवर मंडळाचं नाव होतं. ते हाताने झाकावंसं वाटलं.

त्यानंतर ते खोलीवर आले नाहीत. किल्ली कुणाबरोबर तरी पाठवून दिली. मी डिलाईल रोडला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज आला. मग तेच बाहेर आले. मुलांना काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकांकडून चूक झाली म्हणून सांगितलं.

"चूक पोरांची होते रे," ते म्हणाले. "नियम मी वाचायचो."

चहा पिऊन निघालो. नंतर जाणं लांबतच गेलं. आता मुलांना मी शिकवतो, पण नियम वाचायची वेळ आली की कागद दुसऱ्याच्या हातात देतो.

गेल्या रविवारी आर्या आणि तिची आई खोलीवर आल्या. आर्याला आता रेटिंग आहे. तिची आई सांगत होती, दादरच्या स्पर्धेत काका एकटेच आले होते. पहिल्या डावाआधीच त्यांनी पंचांना सांगून ठेवलं होतं, की गटातल्या कुठल्याही बक्षिसासाठी मला धरू नका. तुमचं रेटिंग सोळाशेच्या आत आहे, तुमचा हक्क आहे, असं पंचांनी परोपरीने समजावलं. काका म्हणाले, तरीही नको. शेवटी सोळाशेच्या आतल्यांत तेच पहिले होते. नाव पुकारलं गेलं ते दुसऱ्या आलेल्या आर्याचं. काका टाळ्या वाजवून निघून गेले. शेवटचा डाव जिंकूनही सोंगट्या त्यांनीच मांडून ठेवल्या होत्या. हे सगळं आर्याच्या आईला पंचांकडून मागाहून कळलं.

आर्याने पिशवीतून चषक काढून माझ्यासमोर पटावर ठेवला.

"दादा, मागचा माझा होता," ती म्हणाली. "हा त्यांचा आहे. तुम्ही देऊन याल?"